प्रमाणपत्र आणि श्रेयांक : कमी खर्चातील ऑनलाइन उच्च शिक्षणाची पारख

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या वाटा पुढे एकसारख्या राहत नाहीत. कोणी सरळ पदवी, पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचतो. कोणाला बारावीनंतर लगेच कमावते व्हावे लागते. एखाद्या मुलीचे शिक्षण लग्नानंतर दुसऱ्या वर्षावरच थांबते. कोणाचे तीन वर्षांतले दोन-चार विषय राहून जातात आणि ते राहिले ते राहिलेच. अशा अनेकांच्या मनात अर्ध्यावर सुटलेल्या पदवीची खंत वर्षानुवर्षे घर करून असते. दुसरीकडे, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलांचे पालक त्यांना कोणता अभ्यासक्रम घ्यायला लावावा, त्यावर किती पैसा खर्चावा, या चिंतेत असतात. नेमक्या याच दोन वर्गांच्या हाती आज मोबाइल आहे आणि त्या मोबाइलवर ‘घरबसल्या पदवी’, ‘फक्त काही रुपयांत प्रमाणपत्र’ अशा जाहिरातींचा पाऊस पडत असतो.

या जाहिरातींपैकी काहींमागे खरोखर उत्तम शिक्षण आहे, आणि तेही जवळजवळ विनामूल्य. काहींमागे चांगले शिक्षण असले तरी त्याला पदवीच्या हिशोबात स्थान नाही. काहींमागे मात्र कर्जाच्या हप्त्यांखेरीज फारसे काही नाही. या तिहींतला भेद कसा ओळखावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी सर्वप्रथम एक गोष्ट मनात पक्की केली पाहिजे : अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि पदवीच्या हिशोबात धरला जाणारा श्रेयांक या दोन भिन्न वस्तू आहेत. प्रमाणपत्र शिकवणारा देतो. श्रेयांक मात्र पदवी देणारे विद्यापीठ मान्य करते. एकाने दिलेले दुसऱ्याने मोजले, तरच ते पदवीच्या कामाचे.

श्रेयांक म्हणजे काय?

ज्याला आपण बोलण्यात ‘क्रेडिट’ म्हणतो त्याला आपली विद्यापीठे श्रेयांक हा शब्द वापरतात. श्रेयांक हे गुण नव्हेत. विद्यार्थ्याने एखाद्या विषयावर किती अभ्यास केला, याचे ते माप आहे. तो किती चांगला केला, हे गुण किंवा श्रेणी सांगते. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षभराचे १२०० तासांचे अध्ययन म्हणजे ४० श्रेयांक असे प्रमाण धरले आहे. म्हणजेच एका श्रेयांकासाठी सुमारे ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. व्याख्यान ऐकणे, वाचणे, स्वाध्याय लिहिणे, परीक्षेची तयारी करणे, हे सारे त्यात आले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी शिक्षणासाठी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार किमान ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र, ८० वर पदविका, १२० वर तीन वर्षांची पदवी आणि १६० वर चार वर्षांची ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडावे लागले तर पूर्वी हातात काहीच उरत नसे. आता ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते आणि पुढे परत येता येते. आपल्यासारख्या समाजात, जिथे घरातील एका आजारपणाने किंवा एका वर्षाच्या नापिकीने मुलाचे शिक्षण थांबते, तिथे या तरतुदीचे मोल फार मोठे आहे. पण तिचा लाभ घेण्यासाठी मिळवलेला श्रेयांक खरा असला पाहिजे.

‘स्वयम्’ : सरकारी व्यासपीठ

कमी खर्चात श्रेयांक मिळवण्याचे देशातील सर्वांत मोठे साधन म्हणजे केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या व्यासपीठावर नऊ राष्ट्रीय समन्वयक संस्था अभ्यासक्रम देतात. अभियांत्रिकी व विज्ञानासाठी एनपीटीईएल, पदव्युत्तर विषयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोग, पदवीपातळीच्या विषयांसाठी सीईसी, व्यवस्थापनासाठी बेंगळुरूची आयआयएम, मुक्त शिक्षणासाठी इग्नू, शालेय स्तरासाठी एनसीईआरटी व एनआयओएस, ही त्यांतील प्रमुख नावे. सत्रे वर्षातून दोन : एक जानेवारीत, दुसरे जुलैत.

येथे नावनोंदणी करणे, व्याख्याने पाहणे, टिपणे वाचणे आणि स्वाध्याय सोडवणे पूर्णपणे विनामूल्य आहे. पैसे लागतात ते केवळ परीक्षेला बसण्यासाठी. एनपीटीईएलखेरीज अन्य समन्वयकांच्या अभ्यासक्रमांची परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था म्हणजे एनटीए घेते. अलीकडच्या सत्रांत पहिल्या अभ्यासक्रमासाठी सर्वसाधारण प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग यांना ५०० रुपये शुल्क आकारले गेले आहे. त्याच सत्रात आणखी अभ्यासक्रम घेतल्यास पुढील प्रत्येकासाठी शुल्क थोडे कमी होते. गुणांची विभागणी साधारणतः ३० गुण अंतर्गत मूल्यमापनाला आणि ७० गुण परीक्षेला अशी असते.

एनपीटीईएल हा आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांचा संयुक्त उपक्रम. तो २००३ साली सुरू झाला आणि २०१४ पासून ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम देऊ लागला. त्याची परीक्षा स्वतंत्र होते. शुल्क प्रत्येक विषयाला १००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात निम्मी सवलत मिळते. येथे चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला दोन आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तीन श्रेयांक असे सरळ गणित आहे. अंतिम गुणांत २५ टक्के भार स्वाध्यायांचा व ७५ टक्के परीक्षेचा असतो. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण मिळवावे लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरले जातात, त्यामुळे एखादा आठवडा चुकला म्हणून धीर सोडण्याचे कारण नाही.

दोन बाबींकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. पहिली अशी की, अभ्यासक्रमाची नावनोंदणी आणि परीक्षेची नोंदणी या वेगवेगळ्या आहेत. विनामूल्य नावनोंदणी केली, सगळे स्वाध्याय वेळेवर दिले, पण परीक्षेची नोंदणी व शुल्क मुदतीत भरले नाही, तर त्या सत्राचा श्रेयांक हाती लागत नाही. दुसरी अशी की, परीक्षा घरी बसून देता येत नाही. नेमून दिलेल्या केंद्रावर ओळखपत्र घेऊन जावे लागते आणि पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली ती द्यावी लागते. या अटीमुळेच त्या श्रेयांकाला विद्यापीठाच्या दृष्टीने वजन प्राप्त होते. गावाकडील विद्यार्थ्याने केंद्र निवडताना जाण्यायेण्याचा खर्च आणि एखाद्या मुक्कामाची सोय आधीच हिशोबात धरावी.

महाविद्यालय काय मानते, यावर सारे अवलंबून

‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला म्हणजे श्रेयांक आपोआप गुणपत्रकात उतरला, असे होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या शिक्षणक्रमातील एका सत्राच्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’द्वारे घेता येतात. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे सत्रात पाच विषय असतील तर त्यांतील दोन या मार्गाने पूर्ण करण्यास नियमाची आडकाठी नाही. परंतु कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या जागी चालेल, हे विद्यापीठाच्या विद्या परिषदेने किंवा तत्सम अधिकार मंडळाने ठरवायचे असते.

म्हणून पहिला प्रश्न संकेतस्थळाला विचारायचा नसून आपल्या महाविद्यालयाला विचारायचा आहे. “या सत्रात मी अमुक अभ्यासक्रम घेतला, तर तो माझ्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल? किती श्रेयांक मिळतील? गुण कसे रूपांतरित होतील?” या तीन प्रश्नांची उत्तरे शक्य तर लेखी घ्यावीत. बऱ्याच महाविद्यालयांत ‘स्वयम्’साठी समन्वयक प्राध्यापक नेमलेले असतात, एनपीटीईएलची स्थानिक शाखा असते. त्यांना भेटावे. समन्वयक नसेल तर प्राचार्यांना किंवा परीक्षा विभागाला अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला संकोच करू नये. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला कार्यालयाच्या खिडकीशी प्रश्न विचारताना दडपण येते, हे आपण सारे जाणतो. परंतु जो विचारत नाही त्याचाच श्रेयांक बहुधा हरवतो.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ‘स्वयम्’चे विषय घेतले म्हणून महाविद्यालयाचे सत्रशुल्क सहसा कमी होत नाही. मग लाभ कशात? तर आपल्या लहान महाविद्यालयात जो विषय शिकवलाच जात नाही, तो देशातील नामवंत प्राध्यापकांकडून शिकायला मिळतो. तालुक्याच्या गावातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनीला आयआयटीतील अध्यापकाचे संख्याशास्त्रावरील व्याख्यान ऐकता येते, आणि त्याचे श्रेय तिच्या गुणपत्रकात नोंदवलेही जाते. हा लाभ लहान नव्हे.

मुक्त विद्यापीठे : संपूर्ण पदवीचा मार्ग

ज्यांचे नाव कोणत्याच महाविद्यालयात नाही, अशांसाठी सुटे श्रेयांक जमवत बसण्यापेक्षा मुक्त विद्यापीठात रीतसर प्रवेश घेणे अधिक श्रेयस्कर ठरते. या मार्गावर महाराष्ट्रात दोन मोठ्या संस्था आहेत.

पहिली, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली राज्य विधिमंडळाच्या कायद्याने ते स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. त्याची अभ्यासकेंद्रे राज्यभर पसरलेली आहेत आणि अनेक शिक्षणक्रमांची पुस्तके मराठीत आहेत. शेतमजुरी, दुकानदारी, घरकाम सांभाळून शिकू पाहणाऱ्या व्यक्तीला हीच दोन वैशिष्ट्ये सर्वांत मोलाची वाटतात. कला व वाणिज्य शाखांतील पदवीचे शुल्क वर्षाला काही हजार रुपयांच्या घरात असते.

दुसरी, १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजेच इग्नू. मुंबई, पुणे व नागपूर येथे त्याची प्रादेशिक केंद्रे आहेत. येथेही एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास हेच माप आहे. सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबरमध्ये होतात. तीन वर्षांची पदवी कमाल सहा वर्षांत पूर्ण करण्याची मुभा असल्याने नोकरदाराला श्वास घ्यायला अवधी मिळतो. ठरावीक शिक्षणक्रमांत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफीही दिली जाते. प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिकेत ती तरतूद अवश्य शोधावी. मात्र पुस्तके व परीक्षा मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत असतात, हे लक्षात ठेवावे.

दूरस्थ पद्धतीने मिळवलेली पदवी ‘कमी दर्जाची’ असते, हा समज आपल्या समाजात अजून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त व दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणविषयक नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पद्धतीच्या पदवीशी समकक्ष मानली जाते. तसेच २०२२ पासून एकाच वेळी दोन शिक्षणक्रम करण्यासही आयोगाने परवानगी दिली आहे. त्यामुळे एक पदवी नियमित आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून, असे करणेही शक्य झाले आहे.

यांच्या जोडीला आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बी. एस. पदवीचा उल्लेख केला पाहिजे. २०२० साली सुरू झालेल्या या विदाविज्ञानाच्या शिक्षणक्रमाला जेईईची अट नाही. कोणत्याही शाखेतून बारावी झालेला आणि दहावीला गणित व इंग्रजी घेतलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यास करून पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली की प्रवेश मिळतो. पायाभूत, पदविका व पदवी असे टप्पे असून मध्येच बाहेर पडण्याची सोय आहे. पूर्ण पदवीचा खर्च लाखांत जातो, म्हणून त्याला स्वस्त म्हणता येत नाही. परंतु सामाजिक प्रवर्ग व कौटुंबिक उत्पन्न यांनुसार ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, शुल्क विषयागणिक भरता येते. गणिताची खरी आवड असलेल्या विद्यार्थ्यानेच याचा विचार करावा, कारण अभ्यास कठीण आहे.

खासगी व्यासपीठे : शिक्षण चांगले, श्रेयांक अनिश्चित

कोर्सेरा, एडेक्स, युडेमी ही नावे आपल्या मुलांच्या तोंडी असतात. पहिल्या दोहोंवर जगातील नामांकित विद्यापीठांचे अभ्यासक्रम आहेत. कोर्सेरावर अर्ज केल्यास गरजू विद्यार्थ्याला शुल्कात साहाय्यही मिळू शकते. युडेमीवर कोणीही शिक्षक आपला अभ्यासक्रम ठेवू शकतो. सवलतीच्या काळात तो काहीशे रुपयांत मिळतो. लेखापालनाची संगणकप्रणाली, संगणकाची भाषा, इंग्रजी संभाषण असे एखादे कौशल्य शिकण्यासाठी ही साधने उपयुक्त आहेत आणि नोकरीच्या मुलाखतीत त्यांचा लाभही होतो.

पण श्रेयांकाच्या दृष्टीने पाहिले तर यांची प्रमाणपत्रे पदवीत आपोआप धरली जात नाहीत. काही विद्यापीठे स्वतःच्या निर्णयाने कोर्सेरासारख्या व्यासपीठावरील निवडक अभ्यासक्रमांना श्रेयांक देतात. तो त्या विद्यापीठाचा निर्णय असतो, व्यासपीठाचा नव्हे. म्हणून कौशल्यासाठी शिकायचे असेल तर निःशंक शिकावे. श्रेयांकासाठी शिकायचे असेल तर आपल्या विद्यापीठाचा लेखी होकार आल्याखेरीज एक रुपयाही भरू नये.

खर्चाची तुलना कशी करावी?

तुलना अभ्यासक्रमाच्या किमतीची न करता एका श्रेयांकाच्या किमतीची करावी. ‘स्वयम्’वरील चार श्रेयांकांचा पदवीपातळीचा अभ्यासक्रम घेतला तर ७५० रुपयांच्या हिशोबाने एक श्रेयांक सुमारे १८८ रुपयांना आणि सवलतीच्या ५०० रुपयांच्या हिशोबाने १२५ रुपयांना पडतो. एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा, तीन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण शुल्कात प्रति श्रेयांक सुमारे ३३३ रुपयांना आणि सवलतीत सुमारे १६७ रुपयांना पडतो. याउलट, एखाद्या खासगी अभ्यासक्रमाचे ४०० रुपयांचे प्रमाणपत्र कितीही स्वस्त दिसले तरी विद्यापीठाने त्याचे शून्य श्रेयांक धरले, तर पदवीच्या दृष्टीने ते ४०० रुपये वायाच गेले.

पैशाहून मोठा खर्च वेळेचा असतो आणि तो जाहिरातीत लिहिलेला नसतो. तीन श्रेयांक म्हणजे सुमारे ९० तास. बारा आठवड्यांत ते विभागले तर आठवड्याला साडेसात तास होतात. दोन विषय घेतले तर पंधरा तास. दिवसभर कारखान्यात उभे राहून आलेल्या मुलाने किंवा दोन लेकरांच्या आईने हे तास कोठून काढायचे, याचा विचार प्रवेशाआधी व्हावा. प्रथम एकच विषय घ्यावा, तो तडीस न्यावा, मग दुसऱ्याकडे वळावे. भाषेचाही खर्च आहे. ‘स्वयम्’वरील बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. एनपीटीईएलने आपल्या अनेक व्याख्यानांचे भाषांतर मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहे, त्याची मदत घ्यावी. परीक्षेची प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत असेल हे मात्र आधी पाहावे.

श्रेयांकांची बँक

मिळवलेले श्रेयांक जपून ठेवण्यासाठी २०२१ च्या जुलै महिन्यात ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था सुरू झाली. डिजिलॉकरमधून विद्यार्थ्याला बारा अंकी क्रमांक मिळतो. बँकेत पैसे ठेवावेत तसे त्याच्या खात्यात श्रेयांक जमा होतात आणि पदवीच्या वेळी ते वापरले जातात. या बँकेचे काही नियम नीट समजून घ्यावेत. श्रेयांक जमा करण्याचा अधिकार नोंदणीकृत संस्थेलाच आहे. विद्यार्थ्याने स्वतः प्रमाणपत्र नेऊन ते जमा होत नाहीत. जमा श्रेयांक कमाल सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवणे आवश्यक असते.

आणि आपल्या जुन्या माजी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे मिळवलेलेच श्रेयांक येथे जमा होतात. ज्यांनी १९९८ मध्ये किंवा २०१० मध्ये दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडले, त्यांची ती दोन वर्षे या बँकेत येणार नाहीत. त्यांनी आपल्या मूळ विद्यापीठाकडे पुनःप्रवेशाचे नियम विचारावेत. तेथे दार बंद असेल तर मुक्त विद्यापीठात नव्याने आरंभ करावा. ‘तुमची जुनी वर्षे आम्ही बँकेत जमा करून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये.

सावधगिरीचे चार शब्द

संस्थेची मान्यता जाहिरातीतून ठरवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या वर्षी, कोणत्या शिक्षणक्रमाला परवानगी आहे, याची यादी असते. संस्थेचे नाव यादीत असणे पुरेसे नाही. नेमका शिक्षणक्रम आणि नेमके वर्षही तपासावे. अलीकडे मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी या विभागाचा ‘डेब’ क्रमांक विद्यार्थ्याने स्वतः काढणे आवश्यक केले आहे. तो दुसऱ्या कोणाकडून काढून घेऊ नये.

अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, वास्तुकला, विधी अशा शाखांच्या पदव्या दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देण्यास परवानगी नाही. ‘घरबसल्या नर्सिंग’ किंवा ‘ऑनलाइन एलएल. बी.’ असे कोणी सांगत असेल तर तेथून परत फिरावे. परदेशी विद्यापीठाची पदवी खासगी कंपनीमार्फत देणाऱ्या जाहिरातींबाबत आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे. आयोगाच्या मान्यतेविना अशी दिलेली पदवी ग्राह्य धरली जात नाही. शुल्क भरण्यासाठी जागच्या जागी कर्जाच्या कागदावर सही मागितली, तर ती त्या दिवशी करू नये. घरी यावे, जाणत्या माणसाला, आपल्या जुन्या शिक्षकांना कागद दाखवावा, आणि मगच निर्णय घ्यावा.

कोणी काय निवडावे?

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. जो नियमित महाविद्यालयात शिकत आहे, त्याने समन्वयकांना विचारून दर सत्रात ‘स्वयम्’ किंवा एनपीटीईएलचा एक विषय घ्यावा. ज्याची पदवी सुरूच झाली नाही किंवा फार पूर्वी सुटली, त्याने मुक्त विद्यापीठात प्रवेश घ्यावा. मराठीतून शिकायचे असेल तर नाशिकचे, इंग्रजी-हिंदीतून शिकण्याची तयारी असेल तर इग्नू. २०२१-२२ नंतर ज्याचे शिक्षण खंडित झाले, त्याने प्रथम श्रेयांक-बँकेतील आपले खाते उघडून पाहावे. त्यात नोंद नसेल तर आपल्या महाविद्यालयाला ती करण्यास भाग पाडावे. ज्याला पदवी नको, केवळ कामाचे कौशल्य हवे आहे, त्याने खासगी व्यासपीठांवर विनामूल्य उपलब्ध असलेले आधी संपवावे.

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळी वर्ग भरवण्याची सोय केली गेली. कमावणाऱ्या माणसाच्या घड्याळाप्रमाणे महाविद्यालयाने आपले घड्याळ लावावे, ही दृष्टी त्यामागे होती. ऑनलाइन शिक्षणाने आज हे घड्याळ पूर्णपणे विद्यार्थ्याच्या हाती दिले आहे. मात्र हाती घड्याळ असले तरी वेळ पाळायची सवय लागते, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणारे अनेकजण या सवयीअभावीच अर्ध्यावर थांबतात.

येथे निवासी शाळेच्या विद्यार्थ्याची बाजू भक्कम आहे. संध्याकाळच्या घंटेबरोबर पुस्तक उघडून बसण्याची सवय त्याला लहानपणीच लागलेली असते. ही सवय समूहाने टिकवता आली तर किती बरे होईल! शाळेच्या ग्रंथालयात वा संगणक कक्षात आठवड्यातून दोन संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवावी. पदवीधर माजी विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांनी आळीपाळीने तेथे बसून परीक्षा-नोंदणीच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात, अर्ज भरताना मदत करावी, कोणाचा स्वाध्याय अडला असेल तर समजावून सांगावा. दर सत्राला दोन-चार होतकरू विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काचा भार माजी विद्यार्थी संघटनेने उचलावा. पाचशे रुपयांत एका विद्यार्थ्याचे चार श्रेयांक उभे राहतात. एखाद्या सत्काराच्या शाल-श्रीफळाला याहून अधिक खर्च येतो.

स्मरणिकेची पाने आपण गतकाळाच्या आठवणींसाठी उघडतो. त्यांतील हे एक पान, ज्यांचे शिक्षण अजून पुरे व्हायचे आहे अशा आपल्याच भावंडांसाठी असावे. जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत नवी सत्रे सुरू होतात. पुढचे सत्र उघडेल तेव्हा आपल्या परिचयातील एका तरी व्यक्तीला तिच्या महाविद्यालयाच्या कार्यालयापर्यंत सोबत करावी आणि ते तीन प्रश्न तिच्या वतीने विचारावेत, ही सर्व माजी विद्यार्थी व पालक बंधू-भगिनींना नम्र विनंती.